माळढोकाच्या कपाळाचं कुंकू

१

डॉ. परचुरे शिडीच्या चौथ्या पायरीवर चढले, खिशातून भिंग काढून त्यांनी माळढोकाच्या कपाळाला लावलं, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हा कमिटीवाल्यांनी टाळ्यांसाठी हात तयार ठेवले.

टाळ्यांना कारण होतं. ह्या पुण्याच्या पक्षीतज्ज्ञाला महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टात सूप पिता पिता भिंतीवर एक जुनं चित्र दिसलं होतं. माळढोक पक्षी, आणि कपाळावर लाल टिळा! असा टिळा जगातल्या कुठल्याच माळढोकाला नाही. साहेबांचं सूप तिथंच गार झालं. चित्राखाली बारीक अक्षरात आमचं नाव होतं: मूळ चित्र, विद्याविलास वाचनालय, शिवाजी पेठ, कोल्हापूर. परचुरेंनी महिन्याभरात निबंध लिहून काढला की करवीर भागात पूर्वी लाल टिळ्याचा माळढोक होता आणि तो नामशेष झाला. आता मूळ चित्र डोळ्यांनी बघायचं तेवढं राहिलं होतं.

अशी बारा चित्रं आमच्या हॉलमध्ये आहेत. संस्थानच्या काळात आबाजी चितारी नावाच्या माणसानं रानात बसून, पीसन्‌पीस बघून हातानं रंगवलेली. आम्ही त्यांच्याखाली बसून पेपर वाचतो आणि एकमेकांची पुरवणी पळवतो. वर कोण बघतंय?

शिडीवरून आवाज आला, "हे चित्र नाही."

अध्यक्ष विजयसिंह खूश झाले. "म्हंजे फोटोपेक्षा भारी हाय म्हणताय न्हवं?"

"म्हणजे हे छापील आहे. भिंगाखाली नुसते ठिपके दिसतायत. हाताचं काम नाही. मूळ चित्र कुठंय?"

टाळ्यांसाठी तयार ठेवलेले हात आम्ही खाली घेतले. मागं बसलेल्या, कानानं कमी असलेल्या एका पेन्शनरनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

२

चोर सापडायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. चहा यायच्या आत सापडला.

"सरळ हाय," विजयसिंह म्हणाले. "गणपतीत डॉल्बीनं माळढोकाची काच फुटली. तवापास्नं फ्रेमा बदलायचं चाललं हुतं. गेल्या महिन्यात बारा चित्रं फ्रेमला कुणाकडं गेली? लालासाबकडं. आठ दिवस त्याच्याकडं हुती. बाहेर कुठं गेली न्हाईत."

मी विचारलं, "भाऊसाहेबांच्या सत्काराला आपण माळढोकाचंच छापील चित्र भेट दिलं. तेपण लालासाबनंच फ्रेम केलं, सेम फ्रेम. त्यात काय घोळ झाला नसंल ना?"

भाऊसाहेब म्हणजे जयसिंगपूरकडच्या साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांचा सत्कार करायची संधी आम्ही वर्षातून दोनदा तरी शोधतो.

"मी मघाशीच फोन केला," विजयसिंह म्हणाले. "त्यांच्याकडचं छापीलच हाय. म्हंजे लालासाबनं आणिक एक छापील आणलं, हितं घातलं, आणि अस्सल ठेवलं घरात. सोमवारी अकराला बैठक घ्यायची आणि तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. तवर बोर्डावर नोटीस लावू. ठरावाला हात वर करा."

नऊ हात वर गेले. त्यातला एक माझा. का वर केला, हे मला आजपण सांगता येत नाही. बाजूच्यानं केला म्हणून केला. आमच्याकडं ठराव असेच होतात.

नोटीस बोर्डावर लागली आणि पाच मिनिटांत सभासदांच्या ग्रुपवरपण पडली: 'लालासाब फ्रेमवाले यांनी वाचनालयाचे ऐतिहासिक चित्र लांबवल्याचा दाट संशय. सभासदांनी सावध राहावे.' खाली सोळा जणांचे नमस्कार. कशाला नमस्कार, कुणास ठाऊक.

लालासाब सत्तरीला आलेला माणूस. पेठेतल्या निम्म्या घरांतले वारलेले लोक त्याच्या काचेमागून बघतात. एवढ्या जणांचे आजोबा सांभाळले त्यानं, एकाचंही टोपीचं टोक कापलं नाही. त्याला म्हणायचं काही होतं, म्हणून तो वाचनालयात आला. त्याला पायरी चढू दिली नाही.

३

माई सबनीस ह्या ड्रॉइंगच्या रिटायर बाई. अर्ध्या पेठेनं त्यांच्या हाताखाली वांगी आणि किटल्या काढल्यात. माझी किटली बघून त्या म्हणाल्या होत्या, "राजस, हिच्यातनं चहा बाहेर येणार कुठनं?" त्यांचा अजून एकच सवाल असतो: हे असं का दिसतंय?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. गेलो तर लालासाबची बायको फातिमाचाची बसलेली. समोरच्या चहावर साय आली होती.

"नाळे मास्तरांची सून आल्ती," चाची सांगत होत्या. "सासऱ्याचा फोटो माघारी घेऊन गेली. काच बसवायची ऱ्हायली हुती. म्हटली, असू दे तसाच. दिवसभरात सात जण आले, माई. कोण भांडलं न्हाय. भांडलं आसतं तर बरं झालं आसतं. खाली बघून फोटो उचलायचा आणि जायाचं."

"लालासाब काय म्हणतोय?"

"काय बी न्हाय. शटर पाडून आत बसलाय. सोमवारी पोलीस आलं की मग हे शटर परत उघडायचं न्हाय, माई. मला ठावं हाय त्यांचा सोभाव. चाळीस वरसं लोकांनी घरातलं देव त्यांच्या हातात दिलं. तेवढीच तर कमाई हाय."

माई उठल्या. "राजस, स्कूटर काढ."

"माई, मी कमिटीत हाय, मला असं..."

"माहितीय मला. ठरावाला हात वर केलास न्हवं? त्याच हातानं गाडी सुरू कर."

वाचनालयात शिपाई ज्ञानू एकटाच होता. माईंना बघून त्यानं तंबाखू थुंकली. हा त्यांचा जुना विद्यार्थी.

"ज्ञानू, माळढोकाच्या कपाळावर टिळा कुठनं आला?"

"पक्षालाच आसतोय की त्यो. पुण्याचं सायेब सांगत हुतं, लई जुनी जात हाय म्हणून."

"मी तीस वर्षं मुलांना घेऊन ह्या चित्रासमोर बसलेय. तेव्हा टिळा नव्हता."

ज्ञानू टाचेनं फरशी उकरायला लागला.

"बाई, खंडेनवमीला मी समद्यास्नी कुंकू लावतोय. कपाटं, टायपिंग मशीन, पाण्याची मोटार. चित्रास्नी बी. दरवर्सी काचंवर लावतोय, दुसऱ्या दिवशी पुसतोय. औंदा माळढोकाला काचच न्हवती, डॉल्बीनं फुटलेली. माझ्या काय ध्यानात आलं न्हाय. अंगठा टेकला आणि बसलं की कुंकू कागदावर. पुसाय गेलो तर आणिक पसारलं. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे. देवाचंच हाय."

मी हसायला लागलो. माई हसल्या नाहीत. त्यांनी तिथूनच परचुरेंना फोन लावला.

"डॉक्टर, तुमच्या नामशेष जातीचा कर्ता सापडला. इथला शिपाई. हो, अंगठ्यानं."

पलीकडं काहीतरी खाली पडलं. मग बारीक आवाजात, "पण बाई, निबंध छापायला गेलाय हो."

माईंनी फोन ठेवला. "म्हणजे खऱ्या चित्रावर कुंकवाचे कण असणार, आणि छापलेल्यावर कुंकवाचा नुसता फोटो. ओळखायला सोपं झालं. ज्ञानू, ते खाली काढ."

ज्ञानूनं माळढोक भिंतीवरून उतरवला. माईंनी पुढनं बघितलंसुद्धा नाही. सरळ पालथा घातला. मागं खाकी कागद चिकटवलेला, चारी कडांना लालासाबचा शिक्का, कुठं फाटलेलं-उसवलेलं नाही. फ्रेमच्या वरच्या लाकडात एक गंजका खिळा ठोकून वाकवलेला, आणि त्याला सुतळी.

"आता शेजारचा करकोचा काढ."

करकोच्याच्या मागं दोन पितळी कड्या, मोजून बसवलेल्या, आणि मधी तार. धनेशाच्या मागं तसंच. घुबडाच्या मागं तसंच. अकराच्या अकरांना कड्या आणि तार. एकट्या माळढोकाला खिळा आणि सुतळी.

"हा खिळा कुणी मारला?"

"म्या."

"का?"

"आडकवाय काय न्हवतंच मागं. अध्यक्षास्नी सांगितलं, सायेब, ह्येला कडीच न्हाय. ते जरा येळ बघत ऱ्हायलं. मग म्हटलं, खिळा मार आणि टांग. आणि कुणाला सांगत बसू नगंस."

"कधीची गोष्ट?"

"सत्काराच्या दुसऱ्या दिवशीची."

माई पालथ्या माळढोकाकडं बघत उभ्या राहिल्या. नाकपुड्या फुगलेल्या. शाळेत त्या अशा उभ्या राहिल्या की आम्ही पट्टी लपवायचो.

४

"चित्र कुणी छापलं ते तर उघड हाय," मी पायऱ्या उतरताना म्हणालो. "अध्यक्षांचा पुतण्या, ऋतुराज. जुन्या चित्रांच्या छापील प्रती तोच विकतोय. त्याच्याकडंच अस्सल असणार."

ऋतुराजचं राजारामपुरीत दुकान आहे. नाव इंग्रजी, आतला उजेड पिवळा. भिंतीभर जुन्या पुस्तकांतली वाटावीत अशी फुलपाखरं, शिंपले, नेचे, मासे. हॉटेलवाले आणि नवीन बंगलेवाले घेऊन जातात. सोफ्याच्या रंगाला मासा जुळला पाहिजे एवढीच अट. मागच्या खोलीत दोरीवर कागद वाळत होते आणि गॅसवर एक पातेलं.

"चहा?" मी आशेनं विचारलं.

"प्यायचा न्हाय तो, काका. त्यात प्रिंट बुडवायच्या. शंभर वर्सं जुनी दिसतीय. व्हिंटेज इफेक्ट."

माई म्हणाल्या, "आबाजी चिताऱ्यानं वर्षभर रानात बसून काढलेला पक्षी तू चहात बुडवतोस?"

"माई, लोकांनाच तसलं लागतंय. अस्सल दिलं तर म्हणत्यात, लई नवीन दिसतंय."

"आमची चित्रं छापायला तुला परवानगी कुणी दिली?"

"काकांनी. दसरा झाल्यावर, काच न्हवती तवा स्कॅन करून घेतली. डिजिटल जतन." त्यानं छातीवर हात ठेवला. "पण अस्सलला मी हात लावला न्हाय, आईशप्पथ. मला त्याचा काय उपयोग? एकच असतंय ते. माझा धंदा शंभरचा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "शपथ घेतोय म्हणजे खोटं."

"नाही. निर्लज्ज आहे, पण खरं बोलतोय. अस्सलची किंमत त्याला कळतच नाही. आता ज्याला कळते त्याच्याकडं जाऊ."

विजयसिंह बंगल्यासमोर मोटारीला पाणी मारून घेत होते. माईंना खुर्ची दिली. मला नाही.

"बाई, तुम्ही कशाला ह्या वयात ताप करून घेताय? चोर गावलाय."

"मागचा खिळा कुणाच्या सांगण्यावरून मारला?"

पाण्याची नळी तशीच चालू राहिली. "खिळा? कड्या निघाल्या असतील. लालासाबचं काम आता पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय."

"कड्या निघाल्या असत्या तर स्क्रूची भोकं राहिली असती. लाकूड कोरं आहे."

"बाई," विजयसिंहांचा आवाज खाली आला, "सोमवारी अकरापर्यंत थांबा. पोलीस बघतील भोकं. तुमी पेन्शनीत ऱ्हावा." आणि नळी जराशी अशी फिरवली की माझे बूट भिजले.

५

शटर माईंनी स्वतः वर सारलं. आत लालासाब स्टुलावर बसलेले. भिंतीला रिकाम्या फ्रेमा टेकवलेल्या.

"बंद हाय, बाई."

"मला फ्रेम नको. एक विचारायचंय. बिगर कडीची फ्रेम तुम्ही कधी देता?"

कालपासून त्यांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं. ते ताठ बसले.

"भिताडाला लावायची आसंल तर कड्या आणि तार. सत्काराची आसंल तर मागं काय बी न्हाय. सपाट. स्टेजवर हातात द्यायची आसती की. पावण्याच्या शर्टाला न्हाय तर शालीला कडी आडकती. एकदा एका पुढाऱ्याची शाल आडकून फाटली हुती, तवापास्नं मी सत्काराच्या फ्रेमला कडी लावत न्हाय."

"माळढोकाच्या दोन फ्रेमा तुमच्याकडं होत्या."

"व्हय. अस्सल कडीत, छापील सपाट. पेपरात गुंडाळून दिल्या. छापीलच्या पेपरावर मोठ्या अक्षरात 'भेट' लिवलं. सत्कारादिवशीच दुपारी टेम्पोनं तेराच्या तेरा पोचवल्या. ह्येच तर सांगाय गेलतो काल." त्यांची पाठ परत वाकली. "पायरीवर उभा ऱ्हाऊन कसं सांगू, बाई? आतनं पेपर वाचणारी माणसं बघत हुती."

मी दुकानातल्या कात्र्यांकडं बघत उभा राहिलो. त्या आत बसून पेपर वाचणाऱ्या माणसांतपण मी होतो.

माई माझ्याकडं वळल्या. "सत्काराचा व्हिडिओ असेल तुझ्या फोनमध्ये?"

असणारच. विजयसिंहांच्या फेसबुकच्या पानावर दीड तासाचा होता, ऋतुराजनं काढलेला. आम्ही तिघं स्टुलाभोवती डोकी जुळवून बघत बसलो. स्वागतगीत. दीपप्रज्वलन, काडी चौथ्या वेळी पेटली. मग वाचनालयाच्या आतल्या खोलीत विजयसिंह कॅमेऱ्याकडं बघून सांगताना: "नावाची पितळी पट्टी कारागिरानं आत्ता दिली. पण भाऊसाहेबांची भेट हाय. पट्टी मी स्वतः चिकटवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय." त्यांच्या पायापाशी पेपरांचा ढीग, सगळ्या फ्रेमा उघड्या. त्यांनी समोरचा माळढोक उचलला, पट्टी चिकटवली, नमस्कार केला.

मग स्टेज. शाल, श्रीफळ, माळढोक. भाऊसाहेबांनी चित्र बघितलं नाही, फोटोग्राफरकडं बघितलं. आणि मागच्या मागं पीएच्या हातात दिलं.

"थांबव," माई म्हणाल्या.

पीए पिराजी गर्दीतनं बाहेर चाललेला. एका हातात शाल, दुसऱ्यात नारळ. आणि माळढोक? माळढोक त्याच्या कोपराला अडकवलेला होता, बायका पर्स अडकवतात तसा. मागच्या तारेनं.

लालासाबांनी फोनच्या काचेवर बोट ठेवलं. "ही माझी तार हाय."

६

शनिवारी सकाळी जयसिंगपूर. भाऊसाहेबांच्या बंगल्यामागं एक खोली आहे, तिच्यात फक्त सत्कार राहतात. जमिनीपासून छतापर्यंत गणपती, तलवारी, चांदीच्या रंगाचे बैल, काचेतले ताजमहाल. पिराजी तिथं नारळांची वर्गवारी करत बसला होता.

"माळढोक? त्यो गेला की कबनूरला."

"उडून?" माई म्हणाल्या.

"लग्नात. सायबास्नी दिवसाला तीन लग्नं. दर येळी नवी भेट कुठनं आणायची? हितलंच उचलायचं, पट्टीवर शुभविवाहाचं स्टिकर मारायचं आणि द्यायाचं. सोहेल म्हणून हाय एक, यंत्रमागवाला. त्याच्या लग्नात दिला."

"चित्र छापील आहे की अस्सल, असं परवा आमच्या अध्यक्षांनी फोनवर विचारलं होतं का?"

"परवा? न्हाय बा. फोन एकदाच आल्ता, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, पिराजी, त्या चित्राच्या मागं कड्या हायत का बघ. बघितलं, हायत म्हटलं. तर म्हटलं, असू दे असू दे, सायबास्नी काय बोलू नगंस." पिराजीनं एक नारळ कानाशी हलवून बघितला. "मला वाटलं, कड्याचं पैसं मागतोय का काय."

कबनूरमध्ये गल्लीभर मागांचा खडखडाट. सोहेल मागावर होता. त्याची नवी नवरी आफशीन दार उघडून म्हणाली, "चित्र? आतल्या खोलीत हाय."

आतल्या भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं, बाकी काही नाही. आफशीननं कॅलेंडर बाजूला केलं. मागं माळढोक!

"डागाचं निघालं ना," ती म्हणाली. "चेअरमनसायबांनी दिलेलं, टाकता येत न्हाय. म्हणून झाकलं. तसाबी त्याचा डोळा मला पटत न्हाय. सारखा बघतोय, स्वयंपाक येतोय का म्हणून."

लॉजवर उतरलेल्या परचुरेंचं भिंग माईंनी मागून आणलं होतं. त्या कपाळापाशी वाकल्या. ठिपके नव्हते. काचेच्या आत कागदावर कुंकवाचे बारीक लाल कण बसलेले, आणि अंगठ्याचा फराटा. खाली एकेका पिसाला वेगळा ब्रश. माई बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या.

"घेऊन जावा की," आफशीन म्हणाली. "फकस्त बदल्यात भिंतीला काय तरी द्या. कॅलेंडर डिसेंबरात संपतंय."

७

सोमवारी अकराला हॉल भरला. माईंनी फातिमाचाचींना आणि लालासाबांना आणून पहिल्या रांगेत बसवलं. दारात पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज घेऊन टायपिस्ट उभा.

"बैठक कमिटीची हाय," विजयसिंह म्हणाले. "बाहेरच्यांनी..."

"मी सभासद आहे. बसा खाली." आणि बसले की ते! चौथीत बसायचे तसेच.

माईंनी दोन्ही माळढोक टेबलावर पालथे ठेवले.

"हा भिंतीवरचा. मागं कड्या नाहीत. हा कबनूरहून आणलेला. मागं कड्या आणि तार. लालासाब भिंतीच्या फ्रेमला कडी लावतो, सत्काराच्या फ्रेमला नाही. आता डोकं वापरा, वापरायची सवय नसली तरी. त्याला चोरी करायची असती तर त्यानं छापील कागद कडीवाल्या फ्रेममध्ये घालून दिला असता. कुणाला कळलं असतं? पण छापील अजून बिगरकडीच्या फ्रेममध्येच आहे, शिक्का न फाटता. म्हणजे फ्रेमच्या आत काहीच बदललं नाही. ह्या दारातून आलं तेव्हा सगळं बरोबर होतं. बदलल्या त्या अख्ख्या फ्रेमा, आणि ह्याच इमारतीत."

माईंनी माझा फोन वर धरला. पट्टी चिकटवणारे विजयसिंह सगळ्यांना दिसले.

"चूक होते," विजयसिंह पटकन म्हणाले. "गडबडीत झाली असंल. मानवी चूक."

"ही मानवी होती. मी तिच्यासाठी इथवर आलेच नसते. पण दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं सांगितलं, कडी नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही पिराजीला फोन करून खात्री केली. अस्सल चित्र भाऊसाहेबांकडं गेलंय, हे तुम्हाला महिनाभर माहीत होतं. आणि गुरुवारी ह्याच टेबलावर सांगितलंत, की मघाशी फोन केला, तिकडचं छापीलच आहे. असा फोन झालाच नाही. पिराजी विचारायला मोकळा आहे."

कुणी पेपरची घडी करत होतं, ती थांबली.

"बाई, तुमाला राजकारण कळत न्हाय," विजयसिंहांचा चेहरा तांबडा झाला. "पुढच्या महिन्यात कारखान्याच्या डायरेक्टरांची यादी. भाऊसाहेबांना दिलेली भेट माघारी मागायची? 'चुकून चांगलं दिलं, परत करा' म्हणून? माझं नाव ऱ्हायलं आसतं का यादीत?"

"म्हणून लालासाबचं घेतलंत."

"कुणाचं तरी घ्यायलाच लागणार हुतं!"

"कुणाचं तरी नाही. नऊ नावं होती ह्या खोलीत. पुतण्या होता, ज्ञानू होता, तुम्ही स्वतः होता. तुम्ही ते नाव निवडलंत, जे घेतलं की हात लवकर वर जातात." माईंनी एकेकाकडं बघितलं. माझ्यापाशी आल्यावर जास्त वेळ. "आणि गेले. अकरा मिनिटांत. एकानं विचारलं नाही, की तो पायरीवर उभा राहून काय सांगतोय."

टायपिस्टानं अर्ज हळूच खिशात घातला.

विजयसिंह मुरलेला माणूस. घाम पुसला, हसले. "झालं गेलं. लालासाबभाई आपलाच माणूस हाय. असं करू, ह्याच हॉलमध्ये त्याचा जाहीर सत्कार करू. शाल, श्रीफळ..."

"सत्कार नगं," लालासाब उठून उभे राहिले. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा मान वर केलेलं बघितलं. "माझ्यावर ठराव झालाय. दुसरा ठराव करा. चोरी झाली न्हवती, आणि अध्यक्षांना ते ठावं हुतं. तुमीच लिवा, तुमीच वाचा. बोर्डावर लावा आणि मोबाइलवर बी टाका."

मी उठलो. "मी मांडतो ठराव," म्हणालो. आवाज माझाच मला अनोळखी वाटला. "हात वर करा."

ह्या वेळी सावकाश गेले. एकेक. पण आठ गेले.

विजयसिंहांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, खोडल्या, माईंनी दोन शब्द बदलायला लावले, परत लिहिल्या. मग उभे राहून ओठांतल्या ओठांत वाचल्या आणि बसायला लागले.

"मागं ऐकू आलं न्हाय," तो कानानं कमी असलेला पेन्शनर म्हणाला.

त्यांनी परत वाचलं, जरा वर.

तेवढ्यात फातिमाचाची उठल्या. हॉलची रस्त्याकडची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली. बाहेर नाळे मास्तरांची सून भाजी घेत होती. तिच्या शेजारी आणखी तिघी-चौघी. चाचींनी त्यांना हातानं जवळ बोलावलं, दारात उभं केलं, आणि आत वळून विजयसिंहांना म्हणाल्या,

"हां. आता पहिल्यापास्नं."